सायकलवाल्यांना सांगितलेली वाट

“आजी, ही वाट साधारण किती रुंद आहे?”

“मेंढराएवढी.”

त्या पोरीनं ते वहीत लिहून घेतलं. मला वाटलं होतं हसेल, पण खरंच लिहिलं.

“म्हणजे एका वेळी एकच सायकल जाईल?” तिच्याबरोबरच्या पोरानं विचारलं.

“मेंढरं काय हातात हात घालून चालत्यात व्हय रं? एकामागं एक. पुढचीच्या ढुंगणाला मागचीचं तोंड. तुमचं बी तसंच चालंल.”

यावर दोघं एकमेकांकडं बघून असे खूश झाले, जणू मी त्यांचं लग्न जमवलं. परदेशात म्हणे वाळवंटात असल्या एकेरी वाटा मुद्दाम आखतात आणि लोक विमानानं जाऊन त्यावर सायकली चालवतात. आमच्या माणदेशी माळावर मेंढरांनी शंभर वर्षं फुकट आखून ठेवल्यात, आणि एका मेंढराला कुणी हार घातलेला मला आठवत नाही.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. पोरगी गार्गी, पोरगा तन्मय, दोघं पुण्याची. दसऱ्यानंतरच्या रविवारी तीस सायकलवाले आणून आमच्या माळावर दिवसभर फिरवायचे, असा त्यांचा बेत होता. त्याआधी वाट ठरवायला ते आले होते. चाकं ही अशी जाड, म्हशीच्या गळ्याएवढी. सायकली अंगणात उलट्या करून ठेवल्या होत्या आणि आमची शेळी एकीची सीट चाटत होती. तन्मयच्या चड्डीला मागं गादी शिवलेली होती. सायकलीला गादी, चड्डीला गादी, तरी उतरला की पाय फाकून चालायचा. मी म्हटलं, “बाबा, तिसरी देऊ का घरातली?”

आधी ते सरपंचाकडं गेले होते. त्यानं चहा पाजून माझ्याकडं पाठवलं. वाटेचं विचारायचं तर ठकूबाईला, हे सगळ्या वस्तीला ठाऊक. आम्ही धनगर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन माळ ओलांडायचा आणि कोकणाकडं उतरायचं, पावसाच्या तोंडाला परत यायचं. पुरुष मेंढरांमागं, बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादून वेगळ्या वाटेनं पुढं. पहिला मुक्काम कुठं टाकायचा, पाणी कुठं, सावली कुठं, हे आमच्यात मी ठरवायची. गुडघा गेल्यापासून आठ वर्षं मी घरीच होते, पण ठरवत मीच होते. निघायच्या आदल्या दिवशी माझा लेक धुळा समोर बसायचा. मी सांगायची, तो मान हलवायचा. सून बायडा दाराआड उभी राहून ऐकायची. वाटेचं बोलणं चाललं की सुनेनं सासूपुढं तोंड उघडायचं नाही, त्यात परकं माणूस असेल तर अजिबात नाही, हा आमच्याकडचा रिवाज. मीही माझ्या सासूपुढं वीस वर्षं बोलले नाही. ती गेल्यावर सगळं भरून काढलं.

तन्मयनं फोन काढला. त्यात वरून काढलेला आमचा माळ होता, सगळा हिरवागार.

“हिरवा?” मी म्हटलं. “ह्या फोनला एक दिवस माळावर चरायला सोड. संध्याकाळी उपाशी येतोय का न्हाई बघ.”

त्या साली पावसानं नुसतं तोंड दाखवून पाठ केली होती. दसऱ्यालाच वैशाखासारखं ऊन. मी चुलीतली राख मागवली आणि अंगणातच वाट काढून दाखवली. मधे शेणी ठेवली, तो बोडका डोंगर. चिमटीनं राख सोडत त्याच्या भोवतीनं गेले. ही तांबडी खिंड, हा म्हसोबाचा ओढा, इथनं लांबचा वळसा. वळशाच्या टोकाला पितळी लोटा ठेवला.

“ही कोळसुंद्याची हीर. हितं थांबायचं, पाणी प्यायचं, मग म्होरं.”

गार्गीनं पेन खाली ठेवलं. “आजी, इथे पाणी नक्की आहे ना? मधल्या पंचवीस किलोमीटरमध्ये गाडीरस्ता नाही, टेम्पो नेता येत नाही. तीस माणसं, प्रत्येकाकडे दोन बाटल्या. इथे पाणी नसेल तर मला कुणाला आणताच येणार नाही.”

“पोरी, बाहात्तरच्या दुष्काळात देवळातलं देव तहानलं, पण ही हीर आटली न्हाई.”

दाराआड भांडं पडलं.

“काय पाडलंस गं?”

“काय न्हाई, आत्याबाई.”

धुळा राखेच्या रेघेकडं बघत बसला होता. “सांग की रं ह्यास्नी,” मी म्हटलं, “कसं असतंय पाणी?”

“गार,” धुळा म्हणाला.

झालं. दुसऱ्या दिवशी ती दोघंच आधी जाऊन वाट बघून येणार होती. मी म्हटलं, तांबडं फुटायला निघा. सहाला उठले खरे, पण मग दोन तास त्या सायकलींचे नट पिळत बसले. आमचा धुळा तोवर मेंढरं घेऊन गेलासुद्धा. नऊ वाजता निघाले तेव्हा ऊन पार भिंतीवरून खाली उतरलं होतं. बायडा एक पाण्याचा कॅन घेऊन पुढं आली.

“दादा, ह्यो बी घ्या.”

“अहो ताई, केवढं वजन होईल! मध्ये विहीर आहे ना.”

“माझ्या हिरीवर इस्वास न्हाई व्हय गं तुझा?” मी म्हटलं.

ती कॅन घेऊन मागं फिरली.

तासाभरानं मी बाहेर आले, तर बायडा घोडीवर दोन्ही बाजूंनी पाण्याचे कॅन बांधत होती.

“कुठं?”

“सरपणाला.”

“सरपणाला पाणी घालून पालवी फुटवणार हायस?”

ती दोरी आवळत राहिली.

“बायडे, दोरी सोड. बोल.”

तिनं पदराचं टोक दातात धरलं, मग सोडलं. “आत्याबाई, कोळसुंद्याची हीर बुजलीया.”

“कधी?”

“आठ वरसं झाली. एक अंग ढासळलं, मग समदीच बसली.”

मला आधी हसूच आलं. “आठ वरसं? मग दर साली पयला मुक्काम कुठं टाकताय तुमी?”

“जोगतिणीच्या कुंडाव. डोंगराच्या पल्याडच्या अंगाला.”

“धुळ्याला ठावं हाय?”

“ह्येनीच मेंढरं वळवली की पयल्या साली.”

“आन् बाकीच्यास्नी?”

तिनं घोडीकडं तोंड फिरवलं. म्हणजे सगळ्यांना. म्हणजे दर पावसाळ्यात परत आल्यावर मी जेव्हा विचारत होते की कोळसुंद्यावर उतरला होता ना, आणि एकजात सगळे व्हय म्हणत होते, तेव्हा त्यांनी आधी बसून ठरवलेलं होतं.

“दोन सालामागं मी म्हणलं हुतं, येताना त्या हिरीचं लोटाभर पाणी आण. तू आणलंस. मी ते चार बायांना वाटलं. म्हणलं, प्या, ह्याला म्हणत्यात कोळसुंद्याची चव.”

“कुंडातलं हुतं.”

“आन् त्या भवान्या व्हय व्हय म्हणून माना डोलवत प्याल्या!”

“कुंडाचं बी चांगलं असतंय,” बायडा म्हणाली.

मी खाटेवर बसले. “मला का सांगितलं न्हाई?”

“कसं सांगायचं? त्या साली मामंजी गेलं. दोन म्हयन्यांत तुमचा गुडघा गेला. वाट सांगायचं तेवढं ऱ्हायलं हुतं तुमच्याकडं. ह्ये म्हणालं, ऱ्हाऊ दे आयकडं.” मग ती भराभर बोलली. “काल ह्येना म्हणलं, त्या पोरास्नी गुपचूप सांगा. ह्ये म्हणालं, तू सांग. आन् पहाटं मेंढरं घिऊन गेलं.”

“बापावर गेलाय मेला.”

दहा वाजून गेले होते. माझ्या सांगण्यावरून दोन माणसं माळावर गेली होती, आणि जिथं पाणी म्हणून मी लोटा ठेवला तिथं धोंडे होते. फोन लागत नव्हता. डोंगरामागं तो कुणाचाच लागत नाही.

“मला घोडीवर बसीव.”

“आत्याबाई, तुमचा गुडघा...”

“चालायचंय घोडीला. गुडघा तिचा लागंल, माझा न्हाई.”

धुण्याच्या दगडावर चढून, बायडाच्या खांद्याला लोंबकळून मी कशीबशी वर गेले. दोन कॅनच्या मधे तिसरं ओझं. बायडानं लगाम धरला आणि वळसा सोडून डोंगराच्या कुशीनं आडवी निघाली. आडवं गेलं की ते दोन कोस पडतं.

आठ वर्षांनी मी माळ बघत होते. उतारावर ओळीनं चर खणलेले.

“ह्ये कुणी खणलं?”

“आमीच. रोजगारावर.”

पुढं एक पवनचक्की, तिच्याभोवती तारेचं कुंपण. माझी तांबड्या खिंडीची जुनी वाट त्या कुंपणातच शिरत होती. बायडा न थांबता कुंपणाला उजवं घालून गेली. म्हसोबाच्या ओढ्यात गोट्यांशिवाय काही नव्हतं, तिथं मी विचारलंच नाही. आयुष्यात सलग इतका वेळ मी गप्प बसले नव्हते. घोडीनं दोनदा मान वळवून बघितलं, म्हातारी आहे का गळून पडली म्हणून.

कोळसुंद्यावर पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर होता. विहीर म्हणजे धोंड्यांचा ढीग आणि त्यावर वाढलेली बाभळ. बाभळीच्या चाळणीसारख्या सावलीत तन्मय आडवा पडलेला, तोंड तांबडंलाल, अंग कोरडं. गार्गी चाक काढून बसली होती.

“आजी, एका चाकातून बावीस काटे निघाले. ठिगळं संपली. पाणी अकरालाच संपलं.”

सराटे. पावसाळा सरला की वाळून वाटांवर पडलेले असतात, बारीक, शिंगं असलेले. त्यांचं मी सांगितलंच नव्हतं. माझी वहाण दोन बोटं जाड. सराटा मला जन्मात बोचला नाही, तर आठवणार कुठून?

बायडानं कॅन खाली घेईपर्यंत तन्मयनं डोळे उघडले. घोडीकडं बघून हात जोडले आणि म्हणाला, “काकू, थँक यू.”

तेव्हा मात्र मी घाबरले.

बायडानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. “घोट घोट, दादा. गटागट न्हाई.” पदराचं टोक ओलं करून मानेला लावलं, काखेत लावलं. त्यानं पाणी ओकलं. तिनं पुन्हा पाजलं. मला घोडीवरून उतरवायला कुणाला सवड नव्हती, तेव्हा मीच घसरत खाली आले आणि एका धोंड्यावर टेकले. बराच वेळ गेला. मग त्यानं घोडीकडं पुन्हा बघितलं आणि लाजला. तेव्हा कळलं, पोरगा वाचला.

तोवर गार्गी रडली नव्हती. आता उठून उभी राहिली.

“आजी, विहीर कुठे आहे?”

“तू उभी हायस तिच्याव.”

“तुम्ही म्हणालात, दुष्काळातही आटली नाही!”

“मला काय ठावं? मी आठ वरसं घरात बसलेय. मला घरातल्यांनी सांगितलं, पाणी हाय म्हणून. ही बी त्यातलीच. विचार हिला.”

यात एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकं पटकन तोंडातून निघालं.

गार्गी बायडाकडं वळली. “ताई, तुम्हाला माहीत होतं? तुम्ही असं कसं सांगितलंत? हा मेला असता!”

बायडाच्या हातात ओला पदर होता. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. घोडीचं ओझं एका बाजूला कललं की बघते तसं.

“चुकलं,” ती म्हणाली आणि पदर पुन्हा त्याच्या मानेवर ठेवला.

गार्गी खाली बसली. “रद्द करते रविवार. सगळ्यांना कळवते.” मग तिनं वही उघडली, मिटली, पुन्हा उघडली. “वर्षभर जुळवलंय हो मी हे. दुसरी वाट आहे का आजी? पाण्याची? पण आता तुम्ही सांगा. फक्त तुम्ही. यांचं नको.”

माझी छाती फुगलीच. खोटं कशाला सांगू?

“हाय की. म्हसोबाच्या ओढ्यानं खाली उतरायचं...”

ओढा कोरडा होता. मी तासाभरापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. तरी तोंड चालू होतं. आणि माझी नजर बायडाच्या हाताकडं गेली. तिचा अंगठा बोटांच्या पेरांवर सरकत होता. एक, दोन, तीन. मुक्कामाचं पाणी ठरवताना मी अशीच मोजायची. तीस माणसं, किती कॅन, किती घोडी, कुठल्या आडवाटेनं जाऊन कुठं उभं राहायचं. मी त्यांना कोरड्या ओढ्यात पाठवणार होते, आणि ती आत्तापासूनच मागून पाणी घेऊन निघाली होती.

“थांब,” मी गार्गीला म्हटलं. “खोड ते.”

“काय खोडू?”

“मगाधरनं जे बोलले ते समदं. ह्या पोरीनं तुला काय बी सांगितलं न्हाई. मी सांगितलं. आठ वरसं मी सांगते, ही ऐकून घेती, आन् मग जिथं पाणी असंल तिथं जाती. सकाळी बी तुमास्नी पाणी द्यायला आली ती, आन् परत लावली मी. वाट हिला ठावं हाय. मला न्हाई.”

गार्गी दोघींकडं बघत राहिली. मग सरकून बायडासमोर बसली. “ताई, सॉरी. तुम्ही सांगाल?”

बायडानं पदर कपाळापर्यंत ओढला. गार्गीनं पुन्हा विचारलं. तन्मयनंही विचारलं. ती जमिनीकडं बघत बसली.

“बोल की गं,” मी म्हटलं.

नाही. अठरा वर्षं मी तिला तेच शिकवलं होतं, आणि माझं शिकवणं कधी कच्चं नव्हतं.

शेवटी मी गुडघा दोन्ही हातांनी उचलला, धोंड्यावरच गर्रकन फिरले आणि त्यांच्याकडं पाठ करून बसले. समोर उजाड माळ.

“आता मी हितं न्हाई. सांग.”

घोडी फुरफुरली. मग आवाज आला, इतका हळू की आधी मला वाटलं ती घोडीशी बोलतेय.

“सा वाजता निघायचं. नवाला न्हाई.” थोडं थांबून, “कुंडापातूर दहाच्या आत पोचायचं. तांबड्या खिंडीनं जायचं न्हाई, तिथं तारा हायत्या. तिच्या खालच्या अंगानं खडकावरनं वाट हाय. खडकाव सराटा नसतोय. मऊ माती दिसली की सायकल उचलायची, मऊ मातीतच असतोय त्यो. आन् दादा, पाणी जड हुतंय म्हणून घरी ठिऊन यायचं नसतंय.”

“हो ताई,” तन्मय म्हणाला.

गार्गीचं पेन खरखरायला लागलं. बायडाचा आवाज वर चढला. कुठल्या लिंबाखाली बारापर्यंत सावली टिकते, कुठल्या वस्तीवरची कुत्री सोडलेली असतात आणि त्या घरच्या बाईला काय हाक मारायची, कुंडात किती पायऱ्या उतरल्यावर हात पोचतो. यातली निम्मी नावं मी कधी ऐकली नव्हती. मी माळाकडं बघत बसले आणि एकेक नाव मनात ठेवत गेले.

“कुंडाच्या म्होरं चढ लागंल. आत्याबाईचा चढ.”

माझी मान ताठ झाली.

“काय नाव म्हणालात?” गार्गीनं विचारलं.

“आत्याबाईचा चढ. आमच्यात समदी तसंच म्हणत्यात.” तिचा आवाज जरा खाली गेला, पण थांबला नाही. “लई उभा हाय. धोंडं बी अंगाव येत्यात. सायकलीवर बसून कुणाला जमायचा न्हाई. उतरायचं, मान खाली घालायची आन् गप ढकलत न्यायची. मधी थांबलं तर मागं घसरतंय. पर वर पोचलं की समदा माळ दिसतोय, आन् वारं लागतंय.”

पेन थांबलं. तिघंही माझ्या पाठीकडं बघत असणार, पाठीला कळतं. तन्मय तेवढा, अजून पुरता शुद्धीवर नसल्यासारखा, खुदकन हसला.

“लिही की गं पोरी,” मी न वळता म्हटलं. “आन् लई उभा हाय, ते मोठ्या अक्षरात लिही.”